प्राध्यापक पॅट्रिक गेडिस

भूगोलाच्या तासाला आम्ही डोंगर, रान व नदी यांचीं नांवें वेगवेगळीं पाठ करवून घेतों. माणसाच्या उद्योगाशीं जोडून तीं ज्यांनीं एकत्र पाहिलीं, त्या गेडिस यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १८५४ सालीं स्कॉटलंडांत झाला. वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अभ्यासासाठीं १८७९ सालीं ते मेक्सिकोस गेले असतां त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. अंधाऱ्या खोलींत खिडकीचीं तावदानें चाचपतां चाचपतां, परस्परसंबद्ध गोष्टी चौकटींत मांडण्याची युक्ति त्यांस सुचली. पुढें स्थळ, उद्योग व लोक यांचा मेळ घालून त्यांनीं नदीच्या खोऱ्याचें चित्र रेखाटिलें: माथ्यावर खाणकामगार, मग लाकूडतोडे, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी व अखेर कोळी. १९१९ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३२ सालीं निवर्तले.

तें चित्र आमच्या भंडारा जिल्ह्यांतहि दिसतें: डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, रानांतील गोंड, कोहळ्यांच्या तलावांखालचें धान, वैनगंगेवरील ढिवर. तलाव गाळानें भरला, तर धान व मासे दोन्ही जातात. मुलांनो, दृष्टि गेली असतां ज्याची वाट त्यांस सांपडली, तें आपण डोळे असून तरी पाहूं या.