क्ष-किरणांनी हात हिरावलेला डॉक्टर

राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. अवघ्या दोन महिन्यांत बर्मिंगहॅमचे डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी हातात रुतलेली सुई या किरणांनी टिपली. फेब्रुवारी १८९६ मध्ये अशाच चित्राच्या आधारे शस्त्रक्रियाही पार पडली. १८५८ साली जन्मलेल्या या डॉक्टरांनी पुढे बोअर युद्धातील जखमी सैनिकांची तपासणी केली. तेव्हा संरक्षणाची साधने नव्हती. वर्षानुवर्षे किरण झेलणाऱ्या त्यांच्या हातांची त्वचा हळूहळू बिघडली. चामखिळीसारख्या गाठी आल्या, वेदना असह्य झाल्या. अखेर १९०८ मध्ये डावा हात कापावा लागला, उजव्या हाताची चार बोटेही गेली. तरीही या धोक्याबाबत ते सहकाऱ्यांना सावध करीत राहिले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज किरणांची मात्रा मोजली जाते. मात्र लांबलेल्या किंवा वारंवार केलेल्या अँजिओप्लास्टीत एकाच जागी किरण पडल्यास त्वचेला इजा होऊ शकते, आणि ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसते. तामलवाडीहून सोलापूरला हृदयोपचारासाठी जाऊन आलेल्या रुग्णाच्या पाठीवर चौकोनी काळसर डाग उमटला, त्वचा पातळ झाली वा न भरणारी जखम झाली, तर तो नायटा समजून मलम लावत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञांना जुन्या उपचारांची माहिती आवर्जून द्यावी.