लुई ब्रेल : जीनगराचा मुलगा आणि सहा ठिपके

नांदेड किंवा लातूर येथील महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या दृष्टिहीन मुलाच्या घरी एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. बोटांखाली ब्रेल ठिपके उमटवणारे, खास अंधांसाठी बनविलेले टिपणयंत्र घ्यावे की सर्वांसारखाच संगणक घेऊन त्यात वाचून दाखविणारी प्रणाली बसवावी? पहिल्याची किंमत लाखाच्या घरात जाते. दुसऱ्यासाठी एनव्हीडीएसारखी प्रणाली २००६ पासून विनामूल्य मिळते व ती मराठीही वाचते. हिशेब सोपा वाटतो. परंतु हाच वाद, वेगळ्या साधनांच्या रूपाने, एका कॅथोलिक तरुणाच्या आयुष्यात दोनशे वर्षांपूर्वी घडून गेला आहे.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवरील कूपव्रे या खेड्यात झाला. वडील सिमोन-रने घोड्यांची खोगिरे व साज तयार करीत. आपल्या भाषेत सांगायचे तर जीनगर. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात चामड्याला आरीने भोक पाडू पाहत होता. आरी निसटली आणि डोळ्यात शिरली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि मुलाचे बोट त्यांवरून फिरविले. धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर पाल्युई यांनी त्याला शिकविण्यास आरंभ केला व पुढे गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसविले.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. ही शाळा व्हॅलेंटिन हाउय यांनी स्थापिली होती. तेथील पुस्तके डोळसांच्याच रोमन अक्षरांत, जाड कागदावर उठाव देऊन छापलेली असत. डोळसांना ती पाहताक्षणी वाचता येत. अंध विद्यार्थ्याला मात्र एकेक अक्षर चाचपावे लागे. शिवाय त्या पद्धतीने स्वतःच्या हाताने लिहिणे जवळजवळ अशक्य होते. वाचता येते पण लिहिता येत नाही, अशा माणसाला साक्षर म्हणावे काय?

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. ठिपके बोटाला चटकन कळत व लिहिताही येत. पण एकेका चिन्हात बारा ठिपके, त्यामुळे बोट वरखाली फिरवावे लागे. आणि मोठा दोष असा की ती केवळ उच्चार नोंदवी. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक व संगीताची चिन्हेही नाहीत. लुईने बारांचे सहा ठिपके केले, बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतील असे, आणि उच्चाराऐवजी अक्षर पकडले. १८२४ मध्ये लिपी आकाराला आली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

उच्चार की अक्षर, हा भेद मराठी विद्यार्थ्याला आजही जाणवतो. संगणक दिन आणि दीन हे शब्द जवळजवळ सारखेच उच्चारतो. ऐकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मात्र या दोन इकारांची चिन्हे वेगवेगळी आहेत आणि बोटाला ती लगेच कळतात. केवळ कानाने शिकलेला हुशार मुलगा शुद्धलेखनात अडखळतो, त्यात त्याचा काही दोष नसतो.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादक होते व पॅरिसच्या चर्चमध्ये उपासनेत वादन करीत. १८४० मध्ये शाळेत नवे संचालक द्युफो आले. अंधांची लिपी वेगळी झाली तर अंध व डोळस यांच्यामध्ये भिंत उभी राहील, या विचाराने त्यांनी ब्रेल लिपीवर बंदी घातली. हेतू कदाचित वाईट नसेल, पण ज्यांनी वाचायचे त्यांना कोणी विचारलेच नाही. मुले मात्र लपूनछपून ठिपके टोचीत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या समारंभात उपसंचालक ग्वादे यांनी पाहुण्यांसमोर या लिपीचे प्रात्यक्षिक घडविले आणि बंदी मावळली.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डोळसांची अक्षरे लुई यांनी झिडकारली नव्हती. अंध विद्यार्थ्याला घरी स्वतः पत्र लिहिता यावे म्हणून १८३९ मध्ये त्यांनी ठिपक्यांनी रोमन अक्षरे रेखाटण्याची दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. शाळेचे अंध माजी विद्यार्थी प्येर फुको यांनी १८४१ मध्ये त्यासाठी दहा दांड्यांचे यंत्रच बनविले. स्वतःच्या अभ्यासासाठी सहा ठिपके, जगाशी बोलण्यासाठी यंत्र! आज साध्या संगणकाला छोटी ब्रेलपट्टी जोडता येते, तेव्हा काहीसा हाच मेळ साधतो. पट्टीचा खर्च सामान्य कुटुंबाला अजूनही जड आहे, हे खरे. पण पाटी-टोच्याने ब्रेल शिकायला फारसा पैसा लागत नाही आणि संगणक घेतला म्हणून ते शिकणे थांबवावे, असे काही नाही.

तरुणपणीच जडलेला क्षय लुई यांच्या शरीरात वाढत गेला. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, अखेरचे संस्कार स्वीकारून त्यांनी देह ठेवला. फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. २००९ मध्ये, द्विजन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या प्रतिमेचे दोन रुपयांचे नाणे काढले. त्यांचे अवशेष १९५२ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेण्यात आले. हातांचे अवशेष मात्र गावकऱ्यांनी ठेवून घेतले. ते आजही कूपव्रेच्या दफनभूमीत आहेत.