एका शेऱ्याची आणि पंधरा हजार पानांची कहाणी

नोंदवहीत एखाद्या मुलाच्या नावापुढे जो शेरा पडतो, तो लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दिवसभराच्या शंभर कामांपैकी एक असतो; ज्याच्या नावापुढे तो पडतो त्याला मात्र तो जन्मभर पुरतो. अमेरिकेतील शिकागो शहरात १२ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या हेन्री डार्गरच्या वाट्याला बालपणीच असा एक शेरा आला. तो होता 'मंदबुद्धी' हा. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ इस्पितळांच्या फरशा पुसण्यात आणि भांडी घासण्यात त्याचे आयुष्य गेले. १९७३ साली तो वारला तेव्हा शहराला त्याची दखलही नव्हती. आज त्याची चित्रे न्यूयॉर्क आणि पॅरिस येथील संग्रहालयांत आहेत. विसाव्या शतकातील स्वयंशिक्षित कलावंतांचा विचार त्याचे नाव घेतल्यावाचून पुरा होत नाही. या दोन टोकांमधील अंतर कसे पडले, हा प्रश्न केवळ कलारसिकांचा नाही. शिक्षकांनी आणि नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा असा तो आहे.

हेन्रीची आई तो चार वर्षांचाही नसताना बाळंतपणात गेली. जन्मलेली बहीण दत्तक दिली गेली. वडील शिंप्याचा व्यवसाय करीत. त्यांनीच मुलाला घरी वाचायला शिकविले. शाळेत जाण्यापूर्वीच तो वर्तमानपत्र वाचू शकत असे आणि पहिलीतून त्याला एकदम तिसरीत बसविण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धात किती माणसे पडली याचे आकडे निरनिराळ्या इतिहासग्रंथांत निरनिराळे का, यावरून आपण शिक्षिकेशी वाद घातल्याचे त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदविले आहे. हा मंदबुद्धी मुलगा! परंतु १९०० साली वडिलांची प्रकृती ढासळली, ते एका धर्मादाय वृद्धाश्रमात गेले आणि मुलाची रवानगी कॅथलिक अनाथाश्रमात झाली. तेथे तो मध्येच चमत्कारिक आवाज काढी, सोबतच्या मुलांना त्याचा त्रास होई. अखेर १९०४ च्या सुमारास त्याला इलिनॉय राज्यातीलच लिंकन या गावी मंदबुद्धी बालकांच्या सरकारी संस्थेत धाडण्यात आले. एका एकाकी मुलाच्या विचित्र वागण्याचे कारण शोधण्यापेक्षा त्याला दूर पाठविणे सोपे होते. त्या काळातील संस्थांना सोपे तेच योग्य वाटले, असेच म्हणावे लागते.

त्या संस्थेतील मुलांना शेतावर राबावे लागे. हेन्री तेथे असतानाच वडील वारले. पळून जाण्याचे त्याचे प्रयत्न फसले. १९०९ साली मात्र तो निसटला आणि बराच पल्ला पायी तोडून शिकागोला परतला. एका कॅथलिक इस्पितळात त्याला सफाईचे काम मिळाले. १९१७ साली त्याला सैन्यात भरती केले गेले, पण दृष्टिदोषामुळे काही महिन्यांतच परत पाठविण्यात आले. त्यानंतर १९६३ साली निवृत्त होईपर्यंत इस्पितळे बदलली, काम बदलले नाही. दिवसा काम, रोजची चर्चमधील प्रार्थना आणि रात्री खोलीचे बंद दार, हा त्याचा क्रम होता. मनापासूनचा असा एकच मित्र होता. तोही १९५९ साली निवर्तला. एखादे मूल दत्तक घ्यावे अशी डार्गरची उत्कट इच्छा होती. तीही फळाला आली नाही.

बंद दाराआड काय चालले होते ते १९७२ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. विशीच्या आसपास त्याने एक कथा लिहायला घेतली. ग्लँडेलिनिया नावाच्या दुष्ट राष्ट्राने लहान मुलांना गुलाम केले आहे, मुले बंड करून उठली आहेत आणि ॲबियानिया या ख्रिस्ती राष्ट्राच्या सात व्हिव्हियन राजकन्या त्या लढ्याच्या अग्रभागी आहेत, असे तिचे सूत्र. ही कथा वाढत वाढत १५ खंडांची आणि १५,१४५ टंकलिखित पानांची झाली. लढायांच्या नोंदी, सेनापतींची नावे, हताहतांचे आकडे त्याने एखाद्या काटेकोर कारकुनाप्रमाणे ठेवले. त्यात 'कॅप्टन हेन्री डार्गर' हा मुलांचा रक्षणकर्ताही आहे. १९११ साली शिकागोत एका पाच वर्षांच्या मुलीचा खून झाला होता. तिचे वर्तमानपत्रातील छायाचित्र डार्गरने जपून ठेवले होते, ते हरवले. त्या हरवण्याचा त्याने इतका ध्यास घेतला की कथेतील युद्धाचा आणि देवाशी मांडलेल्या भांडणाचा तो एक धागाच होऊन बसला. कथेचे शेवटही त्याने दोन लिहिले: एकात मुलांच्या बाजूचा जय होतो, दुसऱ्यात पराजय.

आपल्याला चित्र काढता येत नाही, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने स्वतःची रीत शोधून काढली. रस्त्यावर आणि कचऱ्यात टाकलेली मासिके, वर्तमानपत्रातील चित्रकथा, मुलांची रंगवायची पुस्तके तो गोळा करी. त्यांतील आकृत्या कार्बन कागदाने उतरवी. पुढे तुटपुंज्या पगारातून पैसे वाचवून औषधांच्या दुकानामार्फत कात्रणांची मोठी छायाचित्रे करून घेऊ लागला. कागदाला कागद डकवून केलेली काही चित्रे तीन मीटरांहूनही लांब आहेत आणि कागद परवडत नसल्यासारखी दोन्ही बाजूंनी रंगविलेली आहेत. त्यांत फुलांची कुरणे आहेत, वादळी आकाश आहे, आणि मुलांवरील अत्याचारांची अंगावर काटा आणणारी दृश्येही आहेत. ही दृश्ये पाहून काहींनी त्याच्या मनाविषयी नाना तर्क केले. तथापि मुलांना गुलामासारखे राबविणाऱ्या जगाचे चित्र ज्याने रंगविले, त्याचे बालपण कोठे गेले होते हे लक्षात घेतले तर हे तर्क करण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते.

याशिवाय त्याने आणखी एक प्रचंड कादंबरी लिहिली. हवामान खात्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष हवामान यांची दहा वर्षे रोज पडताळणी करून वह्या भरल्या. १९६८ साली सुरू केलेले आत्मचरित्र सुमारे पाच हजार पानांचे झाले. पण त्यातील दोनशेच्या आसपास पानांत स्वतःची हकिगत संपते आणि उरलेली सारी पाने एका चक्रीवादळाच्या वर्णनाने व्यापली आहेत. स्वतःविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, असे आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचे आत्मचरित्र याहून वेगळे कसे असणार?

१९७२ च्या अखेरीस जिना चढवेना म्हणून तो वृद्धाश्रमात गेला. वडिलांनी अखेरचे दिवस काढले तोच हा आश्रम. खोली साफ करताना हा खजिना उघडकीस आला. घरमालक नेथन लर्नर हा स्वतः नामवंत छायाचित्रकार आणि आरेखनकार होता. तो डार्गरशी सौजन्याने वागला, भाड्याच्या बाबतीत त्याने सवलत दिली. ही चित्रे कचऱ्यात गेली नाहीत याचे श्रेयही त्याचेच. परंतु कलेची जाण असलेल्या या भल्या माणसालाही आपल्याच घरात कोण राहतो हे वर्षानुवर्षे कळले नव्हते. भेटीला गेलेल्या एका शेजाऱ्याने आश्रमात चित्रांची प्रशंसा केली तेव्हा आता फार उशीर झाला, अशा आशयाचे काही डार्गर बोलल्याचे सांगतात. ८१ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, तो वारला.

त्यानंतरची हकिगत सर्वश्रुत आहे. १९७७ साली शिकागोत पहिले प्रदर्शन भरले, ग्रंथ निघाले, २००४ साली चित्रपट निघाला. २००८ साली शिकागोतील एका कलासंस्थेने त्याच्या खोलीची प्रतिकृती उभारली. २०१४ साली पॅरिसमधील लिलावात एका चित्राला सहा लाख युरोंहून अधिक किंमत आली. ज्याने कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या त्याच्या पदरी यातले काही पडले नाही. २०२२ साली दूरच्या नातेवाइकांनी वारसाहक्कासाठी न्यायालयात धाव घेतली. जिवंतपणी ज्याला कोणी नव्हते, त्याला मृत्यूनंतर वारस लाभले.

कलासमीक्षेत अशा कलेला 'आउटसायडर आर्ट' म्हणतात. डार्गरची खोली रिकामी झाली त्याच १९७२ साली रॉजर कार्डिनल या ब्रिटिश अभ्यासकाने हे नाव रूढ केले. नाव गौरवाचे आहे, पण त्यात एक गफलत आहे. डार्गर बाहेरचा कोठे होता? तो महानगराच्या मध्यभागी राहत होता, सर्वांच्या हाती पडणारी वर्तमानपत्रे वाचत होता आणि सर्वांनी फेकलेल्या कागदांतून आपले जग उभारत होता. बाहेर उभा राहण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तो एका नोंदवहीत झाला होता. 'मंदबुद्धी' हा शेरा पुसून तेथे 'बाहेरचा कलावंत' असे लिहिल्याने समाजाची चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त सुशोभित होते.

दारिद्र्य आणि एकाकीपण यांमुळेच अशी कला जन्मते, असा निष्कर्ष काढणेही तितकेच घातक आहे. त्या न्यायाने अनाथाश्रम हीच कलाशाळा ठरेल. लिंकनच्या संस्थेत हेन्रीसोबत इतरही कित्येक मुले होती. त्यांच्या खोल्यांत काही सापडले नाही म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय लहान ठरत नाही. डार्गरच्या थडग्यावर आज कलावंत आणि मुलांचा रक्षणकर्ता अशी त्याची ओळख कोरलेली आहे. ती योग्यच आहे. पण दगडावर कोरलेला हा शेरा वाचताना, वर्गाच्या कोपऱ्यात चमत्कारिक आवाज काढणाऱ्या मुलाच्या नावापुढे आज काय लिहिले जात आहे, याकडे लक्ष गेले तरच त्याच्या चरित्राचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.