मुरुमातून घडलेली माणसे

रामकिंकर बैज यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुडा येथे, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. १९२५ मध्ये ते शांतिनिकेतनात आले, नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकले आणि शिल्पकलेकडेही वळले. ब्राँझ परवडत नव्हते, म्हणून त्यांनी सिमेंटमध्ये तिथलाच लाल मुरूम कालवला. १९३८ मध्ये त्यातून ‘संथाळ कुटुंब’ उभे राहिले. खांद्यावर कावड घेतलेला बाप, कडेवर मूल घेतलेली आई आणि सोबत कुत्रा. पुतळे राजे-साहेबांचे होत, त्या काळात त्यांनी कष्टकऱ्यांना तो मान दिला. पुढे पद्मभूषण मिळाले, राहणी मात्र साधीच राहिली. पावसात छप्पर गळू लागले की ते आपली तैलचित्रेच वर लावत. १९८० मध्ये ते गेले. ते कुटुंब शांतिनिकेतनात आजही उभे आहे.