थोर भूशास्त्रज्ञ दाराशा वाडिया

आपल्या प्रकाशाजवळून तापी नदी वाहते. ती पुढे गुजरातेत जाते आणि सुरत शहराजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेत ऑक्टोबर १८८३ मध्ये दाराशा नोशेरवान वाडिया यांचा जन्म झाला. ते पारशी होते. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी जहाजे बांधत.

त्यांचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. स्टेशन लहान होते आणि तिथे चांगली शाळा नव्हती. म्हणून मुलांना सुरतेला आईच्या आईकडे ठेवले. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला बरं वाटलं. माझे आई-बा दिवाळीनंतर सुरतेकडेच ऊसतोडीला जातात. उसाच्या फडावर गेलं की शाळा बुडते, म्हणून मी आजीजवळ राहते. वाडिया अकराव्या वर्षी बडोद्याला शिकायला गेले. आमची शाळा पण चौथीपर्यंतच आहे. पाचवीला मलापण दुसऱ्या गावी जावं लागेल. बा म्हणतो, बघू.

बडोद्यात त्यांनी कॉलेजचे शिक्षण घेतले. आधी ते झाडे आणि प्राणी यांचा अभ्यास करत. मग त्यांना दगडांची गोडी लागली. तेव्हा हा विषय शिकवणारे फार कोणी नव्हते. बडोद्याच्या संग्रहालयात दगड ठेवले होते, ते बघून बघून ते पुष्कळ शिकले. १९०६ साली ते एम. ए. झाले आणि १९०७ साली जम्मूच्या कॉलेजात प्राध्यापक झाले.

जम्मूला हिमालय जवळच. सुट्टी लागली की वाडिया डोंगरात जात. कोणता दगड कुठे आहे, त्याचा थर कुणीकडे कललेला आहे, हे ते नीट बघत. विद्यार्थ्यांसाठी नमुने घेऊन येत. जम्मूच्या डोंगरात त्यांना हत्तीसारख्या एका फार जुन्या प्राण्याचा सुळा सापडला. तो तीन मीटर लांब होता. तीन मीटर म्हणजे आमच्या वर्गाच्या फळ्याहून जास्त!

आमच्या गावाजवळ काळ्या दगडाची एक लांब टेकडी आहे. ती भिंतीसारखी सरळ उगवतीकडून मावळतीकडे जाते. आम्ही तिथे शेळ्या चारतो. आधी आम्हाला वाटायचं की ती भिंत कोणीतरी बांधली. गुरुजींनी आम्हाला तिथे नेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली. भेगेतून वितळलेला दगड वर आला आणि भेगेतच थिजला. बाजूचा कच्चा दगड पावसाने झिजून गेला आणि ही भिंत उभी राहिली. शास्त्रात तिला डाइक म्हणतात. अशा भिंती आपल्या नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यात खूप आहेत. आम्ही तिथून काळे दगड आणि गारगोट्या आणून वर्गाच्या खिडकीत मांडल्या.

वाडियांनी १९१९ साली भारताच्या भूशास्त्रावर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले. ते कॉलेजची मुले पुढे कितीतरी वर्षे वाचत होती. १९२१ साली त्यांना सरकारच्या भूशास्त्र खात्यात नोकरी लागली. त्या खात्यात तेव्हा साहेब लोक जास्त होते. परदेशातली पदवी नसताना तिथे घेतलेले वाडिया हे पहिले भारतीय. १९३५ साली त्यांनी दोघा सोबत्यांबरोबर माती आणि तिच्या खालचा खडक यांचा संबंध लिहून काढला. आपल्याकडची काळी माती काळ्या खडकापासूनच झाली आहे, म्हणून इथे कापूस होतो.

त्यांचे सर्वांत मोठे काम नंगा पर्वताजवळचे. हा पर्वत ८,१२६ मीटर उंच आहे. हिमालयाची रांग तिथपर्यंत येते आणि एकदम दक्षिणेकडे वळते. ती का वळते, हे नीट कळत नव्हते. वाडियांनी ते डोंगर पायी हिंडून बघितले आणि १९३१ साली कारण लिहिले. आपल्याकडच्या जुन्या टणक खडकाचा एक भाग जिभेसारखा तिथे पुढे घुसला आहे. हिमालयाचे थर त्याला अडले आणि त्याच्याभोवती वळले. मी घरी गोधडी पाट्याकडे ढकलून बघितली. सुरकुत्या पाट्याभोवती खरंच वळतात. आजी रागावली.

१९३८ साली ते सिलोनला गेले. १९४४ मध्ये परत येऊन ते सरकारचे सल्लागार झाले. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद केले आणि १९५८ साली पद्मभूषण मिळाले. हिमालयाच्या अभ्यासासाठी त्यांनी १९६८ मध्ये संस्था सुरू केली. ती आता डेहराडूनला आहे आणि तिला त्यांचेच नाव आहे. १५ जून १९६९ रोजी ते वारले. १९८४ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

ज्यांना आमचे दगड बघायचे असतील त्यांनी मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गात यावे. हात लावला तरी चालेल, पण जागच्या जागी ठेवावे.

— इयत्ता ४ थी