भिंतीपलीकडच्या लहरींचे आचार्य : जगदीशचंद्र बोस

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यालगतचे बेटेगाव आता बहुमजली वसाहतींचे गाव झाले आहे. दिवाणखान्यात राउटरचा दिवा हिरवा असतो आणि आतल्या खोलीत मात्र मुलाचा ऑनलाइन तास मध्येच थबकतो. दूरध्वनी केला की राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो. थोडा वेळ सारे सुरळीत चालते, मग पुन्हा तेच. डोळ्यांना न दिसणारी लहर नेमकी कुठे अडते, हा प्रश्न या घरांत रोज पडतो. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यातील एका प्राध्यापकाने आपल्या संशोधनाचा विषय केला होता. त्यांचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांचे संशोधक म्हणून ते शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहेत. मात्र बिनतारी लहरींच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य तितकेच मोलाचे असूनही दीर्घकाळ झाकोळलेले राहिले.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी आणि ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. त्या काळी मुलाला इंग्रजी शाळेत घालणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची मुले त्याच्या शेजारी बसत. नदी, मासे आणि झाडे यांच्या गोष्टी त्या मित्रांकडून ऐकतच त्यांची निसर्गाविषयीची जिज्ञासा जागी झाली. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्यासारखे प्रयोगप्रिय गुरू लाभले आणि भौतिकशास्त्राची गोडी लागली. 1880 मध्ये ते वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे तो अभ्यास सोडून त्यांनी केंब्रिजच्या ख्राइस्ट्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे लॉर्ड रॅले यांच्याकडून अचूक मोजमापाची शिस्त त्यांनी आत्मसात केली.

1885 मध्ये मायदेशी परतल्यावर कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांची हंगामी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. समान कामासाठी भारतीय अध्यापकाला युरोपीय अध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन देण्याची तेव्हाची रीत होती. नेमणूक हंगामी असल्याने त्यातही कपात झाली. जगदीशचंद्रांनी वाद घातला नाही, राजीनामाही दिला नाही. त्यांनी पगार घेण्याचे नाकारले आणि अध्यापन निष्ठेने सुरू ठेवले. वडील कर्जबाजारी झालेले, 1887 मध्ये अबलादेवींशी विवाह होऊन संसारही सुरू झालेला; तरीही तीन वर्षे हा मूक सत्याग्रह चालला. अखेर प्रशासनाला नमावे लागले. पूर्ण वेतन मागील तारखेपासून मिळाले आणि त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

संशोधनासाठी महाविद्यालयाकडे ना प्रयोगशाळा होती, ना निधी. 24 चौरस फुटांची एक लहानशी खोली, पदरचे पैसे आणि स्थानिक कारागिराचे हात एवढ्या सामग्रीवर त्यांनी 1894 मध्ये कामाला सुरुवात केली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे भाकीत गणिताने केले होते आणि हाइनरिश हर्ट्झ यांनी त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या होत्या. 1 जानेवारी 1894 रोजी हर्ट्झ यांचे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या कार्यावरील ऑलिव्हर लॉज यांचे विवेचन वाचून जगदीशचंद्र या विषयाकडे वळले.

हर्ट्झ यांच्या लहरी लांब होत्या. त्यांच्या परावर्तनाचा आणि वक्रीभवनाचा अभ्यास करायचा तर उपकरणेही प्रचंड लागत. लहान खोलीत ते शक्य नव्हते. म्हणून जगदीशचंद्रांनी लहरच आखूड केली. सुमारे अडीच सेंटिमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. त्यामुळे संपूर्ण उपकरण एका मेजावर मावू लागले. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी नरसाळ्याच्या आकाराचा ग्राहक वापरला. आजच्या सूक्ष्मलहरी तंत्रातील हॉर्न अँटेनाचा तो पूर्वज होय. लहरींच्या ध्रुवीकरणासाठी त्यांनी ताग वापरला आणि रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकाच्या पानांमध्ये धातूचा पातळ वर्ख घालूनही प्रयोग केले.

1895 मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरांच्या उपस्थितीत त्यांनी जाहीर प्रात्यक्षिक केले. सुमारे 75 फुटांवरून, मधल्या भिंती पार करून गेलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. उपस्थितांना तो चमत्कार वाटला. वास्तविक भिंतीतून जाताना लहरीची शक्ती बरीच घटते. तरीही घंटा वाजण्यासाठी एकच क्षीण इशारा पुरेसा असतो. आजच्या घरातील चित्रसंभाषणासाठी मात्र दर सेकंदाला लक्षावधी इशारे अचूक पोहोचावे लागतात. म्हणूनच आतल्या खोलीत राउटरचे नाव भ्रमणध्वनीवर दिसते, पण चित्र पुढे सरकत नाही. लहर पोहोचते, परंतु कामापुरती पोहोचत नाही.

या प्रयोगांमध्ये जगदीशचंद्रांचा खरा झगडा अस्थिरतेशी होता. त्या काळी लहरी टिपण्यासाठी कोहिरर नावाचे साधन वापरीत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू लागे. परंतु एकदा चिकटलेला कीस आपोआप सुटत नसे. प्रत्येक इशाऱ्यानंतर नळीला टिचकी मारावी लागे. अडलेला राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा आजचा प्रकार या टिचकीचीच आठवण करून देतो. त्याने तात्पुरते काम भागते, मूळ दोष मात्र तसाच राहतो.

टिचकीवर समाधान मानणे जगदीशचंद्रांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी दोषांचा एकेक करून शोध घेतला. प्रेषकाची भरकटलेली लहर ग्राहकाला फसवीत होती, म्हणून प्रेषक धातूच्या पेटीत बंद करून लहरींना एकच वाट ठेवली. कीस बेभरवशाचा होता, म्हणून त्याच्या जागी बारीक स्प्रिंगांची रांग बसवून त्यांच्यावरील दाब आणि विजेचा दाब नेमका जुळविला. बंगालच्या दमट हवेत स्प्रिंगांवर गंज चढत होता, म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत केबलच्या जोडांची काय गत होते, हे बोईसर-पालघरच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

अखेरीस त्यांनी लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शातून असा ग्राहक घडविला की जो लहर टिपल्यावर आपोआप पूर्वस्थितीत येई. टिचकीची गरजच संपली. दूरध्वनीच्या श्रवणयंत्रातून इशारे ऐकता येऊ लागले. या शोधाचा निबंध 1899 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. त्याआधी 1896 मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली होती आणि जानेवारी 1897 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रतिष्ठित व्यासपीठावर त्यांचे व्याख्यान झाले होते.

डिसेंबर 1901 मध्ये गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी संदेश न्यूफाउंडलंड येथे टिपला आणि जगभर त्यांचे नाव झाले. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला गेला. त्याचे मूळ जगदीशचंद्रांच्या 1899 च्या निबंधात असल्याची साधार मांडणी प्रवीर बंद्योपाध्याय यांनी 1998 मध्ये केली. मार्कोनी यांनी व्यवहारोपयोगी बिनतारी यंत्रणा उभारली, त्याचे श्रेय त्यांचेच. 1909 चे नोबेल पारितोषिकही त्यांना फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत मिळाले. परंतु ज्या ग्राहकाचे कान त्या दिवशी उपयोगी पडले, त्याच्या कर्त्याचे नाव जगाला उमगायला जवळपास शतक जावे लागले.

याला जगदीशचंद्रांचा स्वभावही कारणीभूत होता. ज्ञान विकून पैसा करणे त्यांना मान्य नव्हते. आपल्या उपकरणांची रचना ते व्याख्यानांतून खुलेपणाने सांगत. 1901 मध्ये इंग्लंडमध्ये एका धनाढ्य तारयंत्र कंपनीच्या मालकाने स्वामित्वहक्काचा प्रस्ताव दिला असता त्यांनी तो नाकारला. भगिनी निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल यांच्या आग्रहामुळेच गॅलिना स्फटिकाच्या ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज झाला आणि 29 मार्च 1904 रोजी तो मंजूर झाला. अर्धवाहकाच्या उपयोगाचे ते अगदी आरंभीचे स्वामित्वपत्र मानले जाते. जगदीशचंद्रांनी मात्र त्याचा लाभ घेतला नाही. ही उदात्तता होती यात शंका नाही. पण तिची किंमत देशालाही मोजावी लागली, हेही तितकेच खरे. ज्या देशात शोध लागला, तेथे त्यावर उद्योग उभा राहिला नाही.

एका दोषानेच त्यांच्या आयुष्याला पुढचे वळण दिले. सतत वापरल्यावर ग्राहकाची संवेदनक्षमता मंदावते आणि विश्रांतीनंतर ती परत येते, असे त्यांच्या ध्यानात आले. स्नायू थकावा तसा धातूही थकतो काय, या प्रश्नातून सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादांचा तौलनिक अभ्यास सुरू झाला. 1900 मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी तो मांडला. पुढे ते वनस्पतींकडे वळले. वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ हे उपकरण त्यांनी तयार केले. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रात पाऊल टाकलेले अनेक शरीरशास्त्रज्ञांना रुचले नाही. लंडनमध्ये त्यांना कडवा विरोध झाला आणि त्यांच्या निबंधांचे प्रकाशनही अडले. विरोधकांसमोर प्रयोग करून दाखविणे, हेच त्यांचे उत्तर असे.

30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. 1920 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व बहाल केले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. 2012 मध्ये आयईईई या जागतिक अभियंता संघटनेने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाच्या दगडाचा मान दिला. योगायोग असा की, त्यांच्या पाच मिलिमीटर लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे 60 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या अतिवेगवान वायफायचे मानकही त्याच वर्षी स्वीकारले गेले.

घरोघरचे वायफाय मात्र मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहूनही आखूड. आखूड लहर अधिक वेग देते, पण भिंतीपुढे लवकर हरते. लांब लहर दूर जाते, पण शेजारच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गर्दीही त्याच पट्ट्यात असते. धातू लहर परतवितो, पाणी ती शोषते. त्यामुळे पोलादी कपाटामागे, फ्रिजच्या शेजारी किंवा मत्स्यपेटीला लागून ठेवलेला राउटर बरीच शक्ती तेथेच गमावून बसतो.

अशा वेळी जगदीशचंद्रांची रीत उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम मोजावा. प्रथम संगणक राउटरला तारेने जोडून वेग पाहावा. तो तेथेही कमी असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे, हवेतील लहरींत नाही. तारेवर वेग ठीक असेल तर राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणावा. जवळच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ, लांबच्या खोलीत 2.4 वापरून पाहावे. 2.4 च्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 ही चॅनेले एकमेकांत मिसळत नाहीत; त्यांपैकी जे शेजाऱ्यांनी कमी व्यापले असेल ते निवडावे. एवढे करूनही जाड भिंतीपलीकडे लहर पोहोचत नसेल तर तेथवर तार नेऊन दुसरा वायफाय संच बसविणे हाच पक्का उपाय होय.

बेटेगावच्या एखाद्या घरात उद्या एखादी विद्यार्थिनी कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक खोलीतील वेग लिहून काढील, राउटर हलवील आणि पुन्हा मोजील. तिच्या हातात असेल ती चोवीस चौरस फुटांच्या खोलीत जोपासलेलीच प्रयोगनिष्ठा. आचार्यांच्या स्मृतीला याहून उचित आदरांजली ती कोणती?