शार्ङ्गदेव

शार्ङ्गदेव हे तेराव्या शतकातील संगीतशास्त्रकार, वैद्य आणि देवगिरीच्या यादव दरबारातील अधिकारी होते. त्यांचा 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ हिंदुस्तानी व कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरांत प्रमाणभूत मानला जातो. या ग्रंथात त्यांनी गर्भात मानवी शरीर कसे घडते, याचेही विवेचन केले आहे.

जीवन

त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले व वडील सोढल यांना यादवांचा आश्रय लाभला. शार्ङ्गदेव हे राजा दुसरा सिंघण (राज्यकाळ सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी हिशेब व दप्तराचे प्रमुख होते. आजच्या नांदेड-लातूरचा मुलूखही तेव्हा यादवांच्या सत्तेखाली होता. धनाने गरजूंचे, विद्येने जिज्ञासूंचे व औषधाने रोग्यांचे दुःख दूर केल्यावर आपण संगीताकडे वळलो, असे ते ग्रंथारंभी सांगतात. ते स्वतःला 'निःशंक' म्हणवीत. एका वीणेलाही त्यांनी हेच नाव दिले.

पिंडोत्पत्ति प्रकरण

ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पहिल्या स्वरगताध्यायात, श्रुती व स्वरांच्याही आधी, हे प्रकरण येते. संगीताचे अभ्यासक ते बहुधा ओलांडून पुढे जातात. वास्तविक ग्रंथाचा पाया तेथेच आहे. नाद देहातून उमटतो, म्हणून आधी देह समजून घ्यावा, अशी ही मांडणी आहे. चरक-सुश्रुतांच्या परंपरेला अनुसरून ते गर्भाची मासागणिक वाढ सांगतात. पहिल्या महिन्यात द्रवरूप कलल आणि दुसऱ्यात घट्ट पिंड असतो. तिसऱ्या महिन्यात हात, पाय व मस्तक यांचे पाच अंकुर फुटतात व इतर अवयव सूक्ष्म रूपाने एकाच वेळी प्रकटतात. दाढी-मिशा व दात यांना मात्र ते वगळतात, कारण ती जन्मानंतर येतात.

आधुनिक गर्भविज्ञानानुसार हा क्रम बराच लवकर घडतो. चौथ्या आठवड्यात भावी मुखाच्या जागी एक खळगा दिसतो. त्याच्या तळाचा पातळ पडदा त्याच आठवड्याच्या अखेरीस फाटतो आणि मुख आतल्या अन्नमार्गाशी जोडले जाते. चेहऱ्याचे उंचवटे एकमेकांना मिळून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ, तर बाराव्याच्या सुमारास टाळू पूर्ण होते. दात जन्मानंतर दिसतात हे खरे. परंतु त्यांचे अंकुर गर्भातच, सहाव्या-सातव्या आठवड्यापासून, तयार होऊ लागतात. टाळू जुळली नाही तर उच्चार नाकातून येतात, हे पाहता वाणीचा विचार गर्भापासून करण्याची शार्ङ्गदेवांची दृष्टी मार्मिक वाटते.

पुढे ते नादाचा प्रवास वर्णितात. बोलण्याची इच्छा झालेला आत्मा मनाला, मन देहातील अग्नीला व अग्नी वायूला प्रेरणा देतो. तो वायू नाभी, हृदय, कंठ आणि मूर्धा या स्थानांतून शेवटी मुखात येतो. बावीस श्रुतींचा संबंधही ते हृदयस्थानच्या बावीस नाड्यांशी जोडतात. शरीरशास्त्रात अशा नाड्या आढळत नाहीत. ही कल्पना योगपरंपरेशी जवळची आहे.

टीका व आवृत्ती

सिंहभूपाल (चौदावे शतक) व कल्लिनाथ (पंधरावे शतक) यांच्या टीका प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली आवृत्ती छापली.